बारावा खिळा

तोंडात खिळे असताना बोलायचं नाही, हा जोडे बनवणाऱ्यांचा पहिला नियम. उस्तादने तो चाळीस वर्षं पाळला. बारा खिळे मोजून तोंडात घ्यायचे, डाव्या गालात धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, ओठांतून काढून टाचेत ठोकायचा. बारा आत, बारा बाहेर. एखादा कमी भरला तर तो सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही, कारण चपट्या डोक्याचा तो बारीक खिळा खाली पडला की हमखास डोक्यावर बसतो आणि टोक वर करून कोणाच्या तरी पायाची वाट बघतो. गिऱ्हाईक घासाघीस करो नाहीतर शिव्या घालो, तोंड भरलेलं असेपर्यंत उस्ताद फक्त ‘हं’ म्हणणार. नव्या माणसाला वाटायचं, हा घुमा आहे. घुमा कसला! एकदा तोंड रिकामं झालं की दुकानात दुसऱ्या कोणाला बोलायला मिळायचं नाही.

तो नियम मोडला त्या दिवशी सकाळी शाळेतल्या बाई आल्या होत्या. दुकान उघडायला अजून वेळ होता. दुकानामागेच उस्तादचं घर, आणि तो नाश्ता उरकून गोळी घ्यायच्या बेतात होता, तोच दारावर थापा पडल्या. बाईंच्या हातात टाच निघालेला बूट होता आणि शाळेची घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती. उस्ताद घाईघाईने घरातल्या मऊ सपातांवरच दुकानात गेला. एरवी तो असं कधी करत नसे. घरात सपाता, दुकानात जाड तळाचे बूट, आणि उंबऱ्यापाशी बदल, हा त्याच्या बायकोने घालून दिलेला दंडक होता.

त्याने बारा खिळे तोंडात घेतले. सात ठोकून झाले.

“वहिनी कशा आहेत?” बाईंनी विचारलं. त्यांची वर्षभर दुसऱ्या गावी बदली झाली होती, नुकत्याच परत आल्या होत्या. “बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत.”

वहिनींना जाऊन आठ महिने झाले होते. एका दुपारी भाजी चिरता चिरता त्या खुर्चीत बसल्या आणि उठल्याच नाहीत. उस्तादने हे सांगायला हवं होतं. पण मग बाई कळवळणार, हातातली पिशवी खाली ठेवणार, ‘अहो, कळलंच नाही हो’ म्हणणार, आणि आठ महिने त्याने जे कसंबसं गालात दाबून धरलं होतं ते सगळं बाहेर येणार.

“आत आहे,” तो म्हणाला.

तोंडात खिळे असताना म्हणाला. बाईंना काही वावगं वाटलं नाही. ‘नमस्कार सांगा’ म्हणून त्या नीट झालेला बूट घालून पळाल्या. उस्तादने मोजलं तर टाचेत खिळे अकराच. त्याने बाकाखाली पाहिलं, कातड्याचे तुकडे उलटेपालटे केले, लोहचुंबक फिरवला. बारावा खिळा काही सापडेना. म्हणजे पोटात गेला, दुसरं काय! या धंद्यात प्रत्येकाने आयुष्यात एखादा गिळलेला असतोच. ही खोटं बोलल्याची शिक्षा, असं समजून त्याने तो विषय तिथेच सोडला आणि गोळी घ्यायला आत वळला.

दुकानाची जमीन लाकडी फळ्यांची, तिच्यावर कातड्याच्या कातरणांचा थर. उंबऱ्यापलीकडे मात्र घराचा बोळ लागायचा, अकरा पावलांचा, उघड्या गुळगुळीत फरशीचा. त्या बोळात उस्तादने पाऊल टाकलं आणि त्याच्या मागे आवाज झाला.

टिक्.

तो थांबला. आवाज थांबला. त्याने मागे पाहिलं. बोळ रिकामा होता. तो चालू लागला. टिक्. एक पाऊल सोडून पुन्हा टिक्.

त्याच्या अंगावर काटा आला, कारण हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. शेवटची दोन वर्षं बायकोचे गुडघे दुखायचे, ती काठी घेऊन चालायची आणि त्या काठीला खालून लोखंडी टोपण त्यानेच बसवलं होतं. एक पाऊल सोडून टिक्, एक पाऊल सोडून टिक्. आयुष्यभर हातोडी ऐकून त्याचा उजवा कान अर्धा गेला होता, आवाज नक्की कुठून येतो ते त्याला धड कळायचं नाही. पण हा मागूनच येत होता, याबद्दल त्याची खात्री होती. तो आत गेला. काठी दाराआडच्या कोपऱ्यात होती, आठ महिन्यांच्या धुळीसकट. धूळ मोडलेली नव्हती. ते त्याला दिसलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. ‘आत आहे’ असं आपण म्हणालो आणि ती आली, एवढंच त्याच्या मनाने घेतलं.

इथे त्याच्या पायांविषयी सांगायला हवं. उस्तादला वीस वर्षं मधुमेह. पायांची जाणीव हळूहळू गेली होती. सतत दोन जाड मोजे घातल्यासारखं वाटायचं, खाली फरशी गार आहे की गरम तेही कळायचं नाही. तीन वर्षांपूर्वी नव्या बुटाने त्याच्या टाचेला फोड आला, त्याला पत्ताच नाही, आणि तो चिघळला. पायांच्या डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “आणखी चार दिवस काढले असतेत तर हा पाय मी घोट्यापासून काढला असता. पुढच्या वेळी मी एवढी नशीबवान नसेन आणि तुम्हीही नसाल.”

त्या दिवसापासून बायकोने पाय आपल्या ताब्यात घेतले. रोज संध्याकाळी जेवणाआधी ती म्हणायची, “चला, पाय दाखवा.” कोमट पाणी, ते आधी तिच्या कोपराने तपासलेलं. मग बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. मग मुठीचा एक गोल आरसा. त्याच्यावर ती तोंडाने ‘हाऽऽ’ करायची, बाहीने पुसायची आणि तळव्याखाली धरायची. मोजे पांढरेच घ्यायचे, म्हणजे डाग पडला तर दिसेल. जेवणाच्या ताटावर तिने नखांच्या लाल रंगाने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. अर्ध्यात भाजी, पाव भागात भात, पाव भागात डाळ नाहीतर अंडं. “हा काय देशाचा नकाशा आहे का?” उस्ताद विचारायचा. “हो, आणि सीमा ओलांडायची नाही,” ती म्हणायची.

ती गेल्यावर उस्तादने खाण्यात काडीचाही फरक केला नाही. चहात साखर नाही, भात रेघेच्या आत, वेळच्या वेळी गोळ्या, सकाळी बोटाला टोचून साखर मोजणं, जेवल्यावर बोळात तीस फेऱ्या. मुलीचा दर आठवड्याला फोन यायचा, “बाबा, सगळं पाळताय ना?” आणि तो छाती फुगवून आकडे सांगायचा. फक्त पाय तेवढे तो बघत नसे. सगळ्या गावाचे पाय हातात घेणारा हा माणूस, स्वतःचे पाय त्याला बघवत नसत. आरसा हातात घेतला की तिचा ‘हाऽऽ’ ऐकू यायचा आणि तो ऐकवत नसे. म्हणून आरसा कपाटाच्या खालच्या खणात गेला होता. पांढरे मोजे रोज कोण धुणार, म्हणून काळे आले होते.

तर त्या दिवसापासून घरात ती चालू लागली. पहिले दोन दिवस उस्ताद घाबरला. तिसऱ्या दिवशी तो घाबरायचा थांबला आणि चौथ्या दिवशी त्याला चक्क आनंद व्हायला लागला. सकाळी उठून सपातांत पाय सरकवले की ती सोबत. तो ओट्याकडे निघाला की ती मागे, तो थांबला की तीही थांबायची. जन्मभर त्याच्या बोलण्याच्या मधे बोलणारी बाई, आता बघा कशी अदबीने मागून येतेय, असं तो मनातल्या मनात तिला चिडवायचा. दुकानात मात्र ती येत नसे. उंबऱ्याशी त्याने बूट घातले की आवाज बंद. तेही त्याला पटलं. तिला दुकानातला, कातडं चिकटवायच्या खळीचा वास कधीच आवडला नव्हता.

जेवणानंतरच्या तीस फेऱ्यांच्या त्याने चाळीस केल्या. मग साठ. गिऱ्हाइकाला थांबवून तो आत जाऊन बोळात उगाच दोन फेऱ्या मारून यायचा.

याच दिवसांत दोन गोष्टी घडल्या.

पहिली आरशाची. तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला आत आला तर आरसा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर होता. ती असताना याच स्टुलावर तो संध्याकाळी पाय ठेवायचा. त्याने आरसा पुन्हा खणात टाकला. वय झालं, आपणच काढला असेल. पाचव्या दिवशी दुपारी आरसा पुन्हा स्टुलावर. खणात आठ महिन्यांची धूळ होती, आरशाच्या काचेवर मात्र बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. “आलीस ती आलीस आणि आधी आरसा हवा,” उस्ताद मोठ्याने म्हणाला. त्याचा आवाज रिकाम्या घरात भलताच मोठा वाटला. त्याने आरसा खणात ठेवला आणि या वेळी खण गुडघ्याने दाबून नीट बंद केला.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सकाळी उपाशीपोटी त्याची साखर एकशे वीसच्या आसपास असायची. सहाव्या दिवशी ती एकशे ऐंशी आली. त्याने भात निम्मा केला. सातव्या दिवशी दोनशे दहा. त्याने भात बंदच केला. आठव्या दिवशी दोनशे चाळीस. ताटावर रेघा त्याच, भाजी तीच, त्याच्या पोटात मात्र कोणीतरी चोरून साखर ओतत होतं. त्याला ग्लानी यायची, संध्याकाळी हुडहुडी भरायची. ती आल्यामुळे घराला थंडी आली असेल, असं त्याला वाटलं. आणि साखर उतरवायला उपाय तर त्याला माहीत होताच, चालणं. त्याने साठांच्या शंभर फेऱ्या केल्या. टिक्, टिक्, टिक्, ती बिचारी न कंटाळता शंभर फेऱ्या त्याच्यासोबत चालली.

नवव्या दिवशी दुपारी आरसा तिसऱ्यांदा स्टुलावर दिसला, तेव्हा उस्तादला एक कल्पना सुचली. मागे वळून पाहिलं की ती दिसत नाही. पण आरशात? त्याने स्टूल उचलून बोळाच्या टोकाला नेलं, आरसा त्यावर भिंतीला टेकवून उभा केला आणि पाठ करून चालू लागला. चार पावलांवर त्याने खांद्यावरून आरशात नजर टाकली. आरसा एवढ्या खाली होता की त्यात गुडघ्यांच्या खालचंच दिसत होतं. तिचे पाय कुठे दिसतात का, ते तो शोधत राहिला. दिसत होते ते त्याचेच. टाच उचलली जात होती, सपातेचा तळ वर येत होता, आणि डाव्या सपातेच्या तळाशी, पुढच्या बाजूला, एक ठिपका चकाकला. पाऊल टेकलं आणि टिक् झालं.

उस्ताद तिथेच उभा राहिला. त्याला काय दिसलं ते त्याला कळलं नाही, असं म्हणता येणार नाही. चाळीस वर्षांच्या कारागिराला एवढंही कळू नये? पण माणसाला नको असलेली गोष्ट कळायला वेळ लागतो, आणि उस्तादने तो वेळ स्वतःला दिला. तो परत आला, आरसा स्टुलावर पालथा घातला, आणि चाळीस फेऱ्या राहिल्या होत्या त्या पूर्ण केल्या.

अकराव्या दिवशी दुपारी ठोक्या आला. ठोक्या हा उस्तादचा जुना दोस्त. रेल्वेच्या यार्डात त्याने तीस वर्षं एकच काम केलं. लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या एकेका चाकावर ठोका द्यायचा आणि आवाज ऐकायचा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, भेग असेल तर बद्द. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा त्याने कानाने पकडल्या होत्या. स्वतःच्या पायाची भेग मात्र त्याला ऐकू आली नाही. त्यालाही मधुमेह, त्याचाही पाय बधिर, आणि आता उजव्या पायाचा पुढचा अर्धा भाग नव्हता. त्याचा बूट उस्ताद बनवायचा. दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी फर्मा टांगलेला असे. ठोक्याचा उजवा फर्मा उस्तादने स्वतः करवतीने अर्धा कापला होता. त्याच्याच शेजारी उस्तादचे स्वतःचे फर्मे होते, दोन्ही अजून पुरे.

“तोंड असं का झालंय?” ठोक्याने आल्या आल्या विचारलं. “लोणच्यातल्या फोडीसारखा दिसतोयस.”

“खिळा गिळलाय. होईल बरं. बस, चहा टाकतो.”

त्याने उंबऱ्याशी बूट काढले, सपाता घातल्या आणि आत गेला. मधलं दार उघडंच होतं. बिनसाखरेचे दोन कप घेऊन तो परत आला तेव्हा ठोक्या डोळे मिटून, मान तिरकी करून बसला होता. यार्डात तो असाच उभा राहायचा.

“आत कोण चालतंय?” त्याने विचारलं.

उस्ताद दोन्ही कप घेऊन पुढे सरसावला. “तुला ऐकू आलं?” त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे मला भास होत नाहीये. अरे, तीच आहे! अकरा दिवस झाले. तिची काठी आहे ती.”

ठोक्या पुढे वाकला. त्याने कप घेऊन खाली ठेवले. “पुन्हा आत जा,” तो म्हणाला, “आणि परत ये.”

उस्ताद अभिमानाने आत गेला आणि परत आला. ठोक्याने डोळे उघडले नाहीत. “आणखी एकदा.” उस्ताद पुन्हा गेला, पुन्हा आला.

“काठीचं टोपण पोकळ असतं,” ठोक्या हळू आवाजात म्हणाला. “हे भरीव आहे. तुझ्या डाव्या पायाबरोबर वाजतंय, मागे नाही आणि पुढे नाही. आणि उस्ताद, ते ओलं वाजतंय.”

“काहीतरी बरळू नकोस.”

“सपाता काढ.”

“नाही काढणार!” उस्ताद ओरडला. शेजारच्या भिंतीवरचे फर्मेही त्याच्याकडे बघताहेत असं त्याला वाटलं. “तुझं काय जातंय रे? आठ महिने मी या घरात एकटा चाललोय. एकट्याने जेवलोय, एकट्याने बोटं टोचून घेतलीत. आता कोणीतरी सोबत चालतंय, तर तुझ्या पोटात दुखतंय?” त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

ठोक्याने वाद घातला नाही. त्याने वाकून आपल्या उजव्या बुटाचे बंद सोडले, बूट काढला, मोजा काढला आणि तो आखूड, बोटं नसलेला पाय बाकावर, चहाच्या कपांशेजारी ठेवला. “माझ्याही घरात बघणारं कोणी नव्हतं,” तो म्हणाला. “बघ याच्याकडे, आणि मग हवं तर काढू नकोस.”

उस्तादने पाहिलं. पायांकडे पाहणं हाच त्याचा धंदा होता. बराच वेळ पाहून तो खाली बसला.

डावी सपाता काढताना चप्पकन आवाज झाला. तिच्या तळातून अर्ध्या इंचाचं एक टोक आत डोकावत होतं. तळ उलटा केला तर चपटं डोकं, फरशीवर घासून आरशासारखं लखलखीत झालेलं. काळा मोजा तळव्याला चिकटला होता. तो सोलून काढला तेव्हा खळीच्या वासावर मात करील असा वास सुटला. उस्तादला दुखलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं.

“तळवा दिसत नाही मला,” तो म्हणाला. “आतून आरसा आण. बोळाच्या टोकाला स्टुलावर आहे, पालथा.”

ठोक्या एका पायावर, भिंत धरत धरत गेला. परत आला तेव्हा आरसा त्याने हातभर लांब धरला होता. “पालथा नव्हता,” तो म्हणाला. “उताणा होता. आणि आत्ताच कोणीतरी...”

काचेवर वाफ होती. तोंड जवळ नेऊन ‘हाऽऽ’ केल्यावर पडते तेवढी, गोल. दोघांच्या डोळ्यांदेखत ती कडेने विरत गेली. उस्तादने आरसा तळव्याखाली धरला. वाफ विरली तसं त्याला दिसलं. चवड्याखाली एक भोक, काळ्या कडांचं, आणि त्याच्यापासून घोट्याकडे निघालेली लाल रेघ. अकरा दिवस तो ज्या सोबतीने हरखून गेला होता ती हीच. आवाज ऐकायला शंभर फेऱ्या मारून त्याने स्वतःच तो खिळा रोज थोडा खोल नेला होता. आणि ती? ती कधी त्याच्या मागून चाललीच नव्हती. ती स्टुलापाशी बसून ‘चला, पाय दाखवा’ म्हणत होती, आणि त्याने तिला दोनदा खणात टाकलं होतं आणि एकदा पालथं घातलं होतं.

तासाभरात ठोक्याने त्याला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, आकडे पाहिले. “खाण्यात तुम्ही कुठेच चुकला नाहीत,” त्या म्हणाल्या. “साखर जेवणाने चढली नाही, या पायातल्या घाणीने चढली. ताट सांभाळलंत तसा पाय का नाही सांभाळलात?” डाव्या पायाचं दुसरं बोट गेलं. पाय राहिला.

मुलगी दीड महिना येऊन राहिली. ती निघायच्या आधी त्याने तिला विचारलं, “मी दवाखान्यात होतो तेव्हा, किंवा त्याच्या आधी कधी, तू आईचा आरसा खणातून काढला होतास का?”

“बाबा, त्याच्या आधी मी इथे होते कुठे?” ती म्हणाली. “आणि आले तेव्हा तो तुमच्या पिशवीत होता. तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हतात.”

दवाखान्यातून घरी आल्यावर उस्तादने स्वतःचा डावा फर्मा भिंतीवरून उतरवला, दुसरं बोट छिनीने काढलं आणि कानशीने जागा गुळगुळीत केली. नव्या बुटात तिथे मऊ लोकरीचा नमदा भरला. नव्या सपाता शिवल्या. पांढऱ्या मोज्यांचा डझन आणला. ताटावरच्या रेघा पुसट झाल्या होत्या, त्या त्याने पुन्हा रंगवल्या, भाताची सीमा न सरकवता. आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी कोमट पाणी कोपराने तपासून, बेचक्या टिपून, आरशावर ‘हाऽऽ’ करून तो स्वतःचे तळवे बघायला लागला. पहिल्या दिवशी त्याने आरसा दोनदा खाली ठेवला. नंतर सवय झाली. बघून झालं की आरसा खणात.

खणात ठेवलेला आरसा आता खणातच राहायचा. रोज दुपारी तो जेवायला आला की आधी स्टुलाकडे बघायचा. स्टूल रिकामं. एक आठवडा, दोन आठवडे, एक महिना. बोळात त्याची पावलं वाजायची आणि दुसरं काही नाही. आकडे उत्तम होते. घर इतकं शांत होतं की त्याला जेवण जाईना.

मग एका संध्याकाळी त्याने मुद्दाम पाय बघितले नाहीत. पाणी घेतलं नाही, आरसा काढला नाही, तसाच जेवून उठला. दुसऱ्या दिवशी दुपारी बूट काढून, सपाता घालून, तो बोळातून जवळजवळ धावतच आत गेला.

आरसा स्टुलावर होता. स्वच्छ पुसलेला.

उस्ताद त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. रडून झाल्यावर त्याला समजलं की हे आता आपल्या हातात आहे. एक दिवस पायांकडे दुर्लक्ष केलं की ती येईल. रोज केलं तर रोज येईल, काठी नसताना, गुडघे दुखत असताना, त्याच्या पायांच्या काळजीने. आणि पाय नीट राहावेत असं वाटत असेल तर तिला येऊ द्यायचं नाही.

त्याने डावा पाय स्टुलावर घेतला, मोजा काढला. आरशावर ‘हाऽऽ’ केलं, बाहीने पुसलं, तळवा पाहिला. मग उजवा. भरलेल्या जखमेची खूण, एक जुना घट्टा, बाकी काही नाही.

“काही नाही गं आज,” तो मोठ्याने म्हणाला. “तू बस.”

त्याने आरसा खणात ठेवला आणि खण लावला. त्यानंतर त्याची एकही संध्याकाळ चुकली नाही, आणि आरसा पुन्हा कधी बाहेर आला नाही.